भोईर निवास (फिरता)

हिराजीदादा भोईर दर शनिवारी संध्याकाळी प्रवासाला निघतात आणि रविवारी सकाळी परत येतात. या प्रवासात त्यांची गाडी एक इंचही हलत नाही.

गाडी म्हणजे त्यांचा जुना सतरा फुटी टेम्पो. तो भिवंडीजवळच्या कोन गावात, आमच्या इमारतीच्या आवारात, शेवग्याच्या झाडाखाली उभा असतो. इमारत दादांची आणि मी त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. शनिवारी दिवेलागणीला दादा धुतलेला शर्ट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून खालून हाक मारतात, "मास्तर, निघतो आमी. घराकडं लक्ष ठेवा."

"आज कुठे, दादा?" मी गॅलरीतून विचारतो.

"जोधपूर."

त्यांच्या मागून मंजुळाकाकू एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन येतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून टेम्पोच्या मागच्या दाराशी दादा लाकडी पाट ठेवतात. दोघं आत जातात, दार लागतं. रविवारी सकाळी दार उघडतं, दादा अंग मोडत उतरतात आणि वर येऊन जोधपूरहून आणलेली कचोरी आमच्या हातात ठेवतात. ती कल्याण नाक्यावरची असते. पिशवीवर दुकानाचा पत्ता छापलेला असतो. माझी बायको सुनीता पिशवी घेते आणि अगदी गंभीरपणे विचारते, "थंडी होती का हो तिकडे?"

"पहाटचं जरा व्हती," दादा तितक्याच गंभीरपणे सांगतात.

मी शाळेत मराठी शिकवतो. हे मी दादांना अनेकदा सांगितलं आहे. "शाळंत शिकवता ना? मंग बॅटरीचं कळतंच तुमाला," असं म्हणून ते विषय संपवतात. माझा स्वभाव असा, की कुणी माझ्याबद्दल चांगला समज करून घेतला तर तो मोडायचं मला पाप वाटतं, आणि तसाच राहू दिला तर त्याहून मोठं पाप वाटतं. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी आपलंच काहीतरी चुकलं असं मला वाटत राहतं. सुनीता म्हणते, "तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात आरामखुर्ची टाकून दिली पाहिजे. तिथेच तुम्हाला झोप लागेल." तेव्हा बॅटरीतलं काही कळत नसताना मी दादांचा बॅटरी-सल्लागार कसा झालो, हे वेगळं सांगायला नको.

दादांनी तीस वर्षं ट्रक चालवला. भिवंडीच्या लूमवर विणलेलं कोरं कापड रंगवायला राजस्थानात जातं, ते पोचवायचं काम. एकेका खेपेला आठ-आठ, दहा-दहा दिवस घराबाहेर. पुढे रस्त्याकडेच्या शेतांवर गोडावनं उभी राहिली. दादांच्या शेतावरही राहिली. भाडं सुरू झालं आणि ट्रक विकला गेला. तरी अजून दादा जेवायला बसले की आधी डावा हात बाजूला नेऊन हँडब्रेक ओढल्यासारखं करतात आणि मगच ताटाकडे बघतात.

मग त्यांनी हा टेम्पो घेतला आणि त्याच्या हौद्यावर पत्र्याचं आणि प्लायवूडचं घर बांधलं. आत दोन बाक, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला. एक शेगडी, एक एवढीशी मोरी, देवासाठी फळी, चपलांना स्टँड. काकूंचा पाटा-वरवंटा बरोबर मागच्या चाकांच्या वर, कारण वजन चाकावर पाहिजे. मागच्या बंपरवर तारेने बांधलेली तुळस. दारावर रंगवलेली पाटी: 'भोईर निवास (फिरता)'. दाराला बेलसुद्धा होती. ती दादांनीच काढून टाकली, कारण पाहुणे आले की ती करंट खाते.

करंट हा दादांचा खरा विषय. त्यांचं सगळं जग त्यात मोजलं जातं. सुनीताच्या हातची आमटी साठ अँपिअरची. मी शाळेतून दमून आलो की, "मास्तर, डिस्चार्ज झालाव. चा घ्या." आमचे मुख्याध्यापक एकदा घरी येऊन गेले, तर दादा म्हणाले, "माणूस बारा व्होल्टचा हाय. पन वायर बारीक." मी नोकरीत इतकी वर्षं काढून जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते हेच होतं.

तर या टेम्पोत बॅटऱ्या दोन जातीच्या. एक गाडीची, जी इंजिन चालू करते. दुसऱ्या घरच्या, बाकाखाली बसवलेल्या, ज्यांच्यावर आतला दिवा आणि पंखा चालतो. घरच्या बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या, पाणी पिणाऱ्या, दोन माणसांनी उचलाव्या लागणाऱ्या. रविवारी जोधपूरहून परत आल्यावर दादांचा पहिला कार्यक्रम म्हणजे बॅटऱ्यांना पाणी पाजणं. एकेक बूच उघडायचं, नरसाळं लावायचं आणि डब्यातलं डिस्टिल्ड पाणी हळूहळू सोडायचं. "पी बाय, पी," ते म्हणायचे. काकू ओट्यावरून म्हणायच्या, "मला कवा इचारलं न्हाय असं."

दुखणं असं होतं, की या बॅटऱ्या रात्र काढत नसत. पहाटेच्या आधीच कधीतरी त्यांचा जीव संपायचा आणि इन्व्हर्टर टीं टीं टीं करून अशी किंकाळी फोडायचा की अख्ख्या गल्लीला कळायचं, दादांचं जोधपूर आजही हुकलं. दिवा विझायचा. जरा वेळाने टेम्पोचं दार उघडायचं, काकू उशी घेऊन घरात जायच्या आणि घराच्या खिडकीत शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा लागायचा, टेम्पोत होता तसाच. दादा टेम्पोतच बसून राहायचे.

कारण त्यांनी स्वतःलाच एक अट घातली होती. ज्या शनिवारी आतला दिवा सकाळपर्यंत जळेल, त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी फाटकाबाहेर. तोपर्यंत नाही.

"आयुष्यात तिला कल्याणच्या पलीकडं नेली न्हाय मी," एकदा ते मला म्हणाले. "मी कुठं कुठं थांबायचो, कुठं जेवायचो, समदं तिला दाखवायचंय. नर्मदेचा पूल गेला की एक कडुलिंब हाय, त्याच्याखाली मी आंघूळ करायचो. ती बोलते, मला तो कडुलिंब बगायचाय. आता गुडघे हायेत तवर न्यायला पायजे. पाट बगा, पयला एक व्हता. आता दोन लावतो."

त्यांचा मुलगा घोडबंदरला राहतो. तो म्हणाला, "पप्पा, मी हॉटेल बुक करतो. एसी रूम. विमानाने जा." दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने काकूंना कुरियरने पाठवायला सांगितलं.

मी म्हटलं, "दादा, घरातून एक लांब वायर टेम्पोत आणा ना. दिवा रात्रभर जळेल."

"आणि जोधपूरला? तिथं तुमची वायर पुरंल?"

मग मी म्हटलं, शंभरचा दिवा काढा. आता तो कुणी वापरतं का? एलईडी लावा, दहावा हिस्सा करंट लागेल. यावर दादा मला घरात घेऊन गेले आणि त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली. आत पेंढा, आणि पेंढ्यात हापूस आंबे ठेवावेत तसे शंभरचे पिवळे दिवे. दुकानांतून ते नाहीसे व्हायला लागले तेव्हा त्यांनी पूर्ण तालुका फिरून जमवले होते. खारबावच्या एका बंद पडत चाललेल्या दुकानातून तर शेवटचा खोका. "हे हायेत तवर हेच," दादा म्हणाले आणि पेटी लावली.

इथे मी एक आगाऊपणा केला. एका शनिवारी दादा दाढी करायला गेले असताना मी टेम्पोत शिरलो आणि शंभरचा दिवा काढून तिथे पिवळ्या रंगाचा एलईडी लावून आलो. हुबेहूब तोच उजेड. रात्र सरली. किंकाळी नाही. सकाळी मी गॅलरीत उभा राहून, आपण एका म्हाताऱ्या जोडप्याचा संसार रस्त्याला लावला, अशा समाधानात चहा पीत होतो. तेवढ्यात दादा वर आले. त्यांच्या हातात रुमाल होता आणि रुमालात, घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा, माझा एलईडी.

"हा कुनी लावला, मास्तर?"

माझ्या घशातून मला न विचारताच आवाज आला, "मी."

"चांगल्या मनानं लावलाव, कळतंय मला. मी रातचा हात नेला जवळ, तर गार. हा दिवा न्हाय मास्तर. हा दिव्याचा फोटो हाय." त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "ही रात मी धरलेली न्हाय."

मी पुढचे चार दिवस त्यांना जिन्यात चुकवत होतो. पाचव्या दिवशी त्यांनीच मला गाठलं. "मास्तर, चला. निजामपुऱ्यात एक मानूस हाय. लिथियम करतो."

भिवंडीतल्या निजामपुऱ्यातली ती गल्ली लूमची. दोन्ही बाजूंनी खटाखट, खटाखट. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ओरडतात, आणि ओरडूनही हातवारे करतात. इद्रिसभाईंचं दुकान दोन कारखान्यांच्या मधल्या फटीत आहे. आधी ते लूमच्या मोटारी दुरुस्त करायचे. आता ई-रिक्षांच्या लिथियम बॅटऱ्या बांधतात. दादांनी आपलं दुखणं सांगितलं. इद्रिसभाईंनी दिव्याचा आणि पंख्याचा आकडा विचारला, बोटांवर मांडला आणि कपाळाला हात लावला.

"चाचा, सौ का बल्ब निकालो! एलईडी लगाओ! लिथियम की जरूरतही नहीं!"

मी खाली बघितलं.

"बल्ब नहीं निकलेगा!" दादा ओरडले.

"क्या?"

"नहीं निकलेगा!"

"क्यूँ? कोई मन्नत है?"

दादा माझ्याकडे वळले. एवढ्या आवाजात हिंदी आणि भावना त्यांना एकदम जमेना, म्हणून ते मराठीत ओरडायला लागले, "तीस वरसं मी भाईर! ही घरात एकटी! पोरं बारकी! रातभर शंभरचा दिवा लावून झोपायची! आता ह्या वयात तिला..."

आणि त्याच क्षणी गल्लीतली लाईट गेली. सगळे लूम एका दमात थांबले.

"...अंधारात झोप न्हाय लागत!"

हे शब्द त्या शांततेत एवढे मोठे निघाले, की पलीकडच्या चहावाल्याने मान वर केली. लूमवरची दोन माणसं दारात आली. दादा कानापर्यंत लाल झाले. कुणी हसलं नाही. इद्रिसभाईंनी गल्ल्यावरचं पेन कानाला लावलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "लिथियम ही लगेगा, चाचा."

पुढच्या आठवड्यात बॅटरी आली. दादांनी ती रिक्षातून स्वतःच्या मांडीवर बसवून आणली, वर रुमाल टाकून. जोडून द्यायला इद्रिसभाईही बरोबर आले. उतरवली आणि ते जरा खट्टू झाले. जुनी उचलायला दोन माणसं लागायची, ही एकट्या काकूसुद्धा सरकवू शकत होत्या. "एवढी हलकी? आत काय हाय का नुसता डबा?" त्यांनी तिला कान लावला. मग चारी बाजूंनी फिरवून बघितलं. "बूच कुठाय?"

"बूच नसतं चाचा. पानी नहीं पीती ये."

"कधीच न्हाय?"

"कधीच नाही."

दादांनी हातातला पाण्याचा डबा हळूच मागे घेतला. ते पाणी नंतर त्यांनी बंपरवरच्या तुळशीला घातलं.

इद्रिसभाईंनी जुना चार्जरही काढायला लावला. जुन्या बॅटरीचा चार्जर हिला चालत नाही. चालत्या इंजिनावरून ती भरायची तर मधे एक वेगळा डबा लागतो. तो आणि बॅटरी किती उरली ते दाखवणारं नवं मीटर त्यांनी बसवलं. "और चाचा, इसके अंदर एक चौकीदार बैठा है. बॅटरी पूरी खाली होने लगे, गरम हो जाए, कुछ भी गडबड दिखे, तो वो मेन बंद कर देता है. पुरानी वाली रोती थी. ये रोएगी नहीं. सीधा बंद."

चौकीदार दादांना फार आवडला. गोडावनांच्या गावात वॉचमनची किंमत सगळ्यांना असते. ते वाकून बॅटरीला म्हणाले, "वॉचमन, जागा हाय ना?"

मग इद्रिसभाई हात धुवायला गेले आणि घोटाळा झाला. नवी वस्तू घरात आली, तिची पूजा नको? काकूंनी हळदकुंकू आणलं. दादांनी नारळ फोडला आणि ट्रकच्या बॉनेटवर शिंपडायच्या हाताने अर्ध्या नारळाचं पाणी थेट बॅटरीवर शिंपडलं. आत कुठेतरी टक् असा आवाज झाला. नव्या मीटरवरचे आकडे गेले. दिवा गेला. पंखा दोन फेरे घेऊन थांबला.

इद्रिसभाई ओल्या हातांनी धावत आले. बॅटरीच्या कपाळावर कुंकू, डोक्यावर दोन तांदूळ, अंगावरून नारळपाणी ओघळतंय.

"चाचा! ये बॅटरी है, दूल्हा नहीं!"

मला वाटलं, हे आपणच थांबवायला हवं होतं. मी तिथेच तर उभा होतो, उदबत्ती धरून. धावत वर जाऊन मी सुनीताचा केस वाळवायचा ड्रायर आणला. सगळी दुपार बॅटरीचे कानकोपरे वाळवण्यात गेली. सांधे पुसले, मीटर बदललं. चौकीदाराने पाणी बघून स्वतःच मेन बंद केलं होतं म्हणून बाकी सगळं वाचलं. संध्याकाळी दिवा पुन्हा लागला तेव्हा दादांनी बॅटरीपुढे वाटीत गूळखोबरं ठेवलं. "वॉचमनला," ते म्हणाले. या वेळी हातभर लांब ठेवलं.

त्या शनिवारी ते उदयपूरला गेले. रविवारी मी लवकर जागा झालो आणि पडल्या पडल्या ऐकत राहिलो. किंकाळी नाही. उजाडलं. गॅलरीत जाऊन बघतो तर टेम्पोच्या छोट्या खिडकीत शंभरचा पिवळा दिवा, सूर्य वर आला तरी जळतोय. गल्लीतले दोघं-तिघं त्या दिवशी रविवारच्या पाळीला उशिरा गेले. त्यांचा गजर वाजला नव्हता. दादा उतरले, मला वर पाहून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर जोडले. कचोरी आणायचं विसरले.

आता पुढचा शनिवार म्हणजे खरा शनिवार. शुक्रवारी दुपारी मी प्रवासासाठी आमचा थर्मास द्यायला खाली गेलो. काकू ओट्यावर सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. वाटेत चटणीला.

"काकू, आता काळजी नाही," मी म्हटलं. "दिवा रात्रभर राहील. झोप छान लागेल तुम्हाला."

काकूंनी सुपातून एक काडी काढून टाकली. "झोप? उजेडात कुनाला झोप लागते, मास्तर? पदर घेते डोळ्यावर. इतकी वरसं पदर घेऊनच झोपते मी."

मी थर्मास हातातच धरून राहिलो. "पण तुम्हाला तर अंधाराची भीती..."

"मला?" काकू हसल्या. "सासूजवळ वीस वरसं काढली मी. भुताला कशाला भिऊ?"

"मग दिवा?"

"म्हाताऱ्यासाठी. तो कवा यायचा, नेम न्हवता. पयलं इथं समदी शेतं. मोठ्या रस्त्यावरनं गाडी वळली की लांबून आपल्या खिडकीतला दिवा दिसायचा त्याला. बोलायचा, तो दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मंग गोडावनं आली. समदीकडं पांढरे दिवे. आपलं घर कंचं, कळायला पायजे ना? पिवळा तेवढा आपला. लाईट गेली तर कंदील ठेवायचे."

"पण काकू, आता तर दादा घरीच असतात."

त्यांनी सूप पाखडलं. मग म्हणाल्या, "म्हनून काय एकदम बंद करायचा? त्याला वाटंल, आता हिला माजी वाट बगायची न्हाय." मग माझ्याकडे रोखून बघत, "त्याला बोलू नका हां. त्याला वाटतं, मला लागतो. लागू दे."

मी वर आलो आणि सुनीताला सगळं सांगितलं. एक म्हातारा जिच्यासाठी दिवा जळावा म्हणून निजामपुऱ्यात ओरडला, नवी बॅटरी, नवा चार्जर, नवी वायर घालून बसला, तिला तो दिवा नकोच आहे. आणि हे जगात मला एकट्याला माहीत आहे. सांगावं तर काकूंचा शब्द मोडतो. न सांगावं तर दादांना मी फसवतो.

"तुमचं काय चुकलं यात?" सुनीताने विचारलं.

"मला माहीत आहे, हे."

"मग विसरा."

हे तिला इतकं सोपं वाटतं याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. शनिवारी सकाळी मी ठरवून खाली गेलो. दादा टायरांना लाथा मारून हवा बघत होते.

"दादा, काकूंना..."

"काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतका उजेड होता, की माझं वाक्य भलत्याच रस्त्याला लागलं. "काकूंना पायरी उंच पडते."

"पडते ना? मी केलाय तिसरा पाट," दादा म्हणाले आणि अभिमानाने दाखवला. त्याला वरून गोधडीचा तुकडा ठोकला होता.

दुपारी गाडी निघाली. सगळी इमारत आवारात. नारळ या वेळी रस्त्यावर फोडला, कारण इद्रिसभाईंनी सकाळी फोनवर बजावलं होतं, "नारियल गाडी के बाहर, चाचा, बाहर!" काकू पुढे केबिनमध्ये, नव्या साडीत, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. टेम्पो फाटकातून वळला. शेवग्याखाली जिथे तो उभा असायचा तिथलं गवत पांढरं पडलं होतं. दादांनी खिडकीतून डोकं काढलं, "मास्तर, घराकडं लक्ष ठेवा!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वाक्याला अर्थ होता. मला एकदम घाबरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास दादांचा व्हिडिओ कॉल आला. ते कुजबुजत होते. "मास्तर, हा बगा कडुलिंब." फोन गरागरा फिरला. आधी त्यांचा कान, मग आभाळ, मग खरंच एक मोठा कडुलिंब आणि त्याच्याखाली पाण्याची टाकी. "काल आल्या आल्या तिनं त्याच्या खोडाला हात लावला. बोलली, इतका काय मोठा न्हाय." ते खूश होऊन हसले, तेही कुजबुजतच.

मग ते टेम्पोच्या आत आले. दारातून लख्ख ऊन येत होतं आणि तरी वर शंभरचा दिवा जळत होता. "वॉचमन अजून जागा हाय. निम्मीच्या वर शिल्लक हाय बगा..." ते मीटर दाखवायला लागले. त्यांच्या मागे काकू बाकावर झोपलेल्या दिसत होत्या. आयुष्यभर पहाटे उठलेली ती बाई आठ वाजता गाढ झोपली होती. डोळ्यांवरचा पदर मात्र घसरला होता आणि उजेडाने कपाळावर आठी पडली होती.

दादा मीटरबद्दल बोलतच होते. बोलता बोलता, मागे न बघता, त्यांनी हात नेला, तिचा घसरलेला पदर उचलला, दोन्ही डोळ्यांवर नीट सरकवला आणि कडा उशीखाली खोचली. आठी गेली. दादांचं वाक्य मधे कुठेही तुटलं नाही. असं रोज करणाऱ्याचाच हात तसा जातो.

"दादा," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"काय?"

"काकूंना उजेडात झोप लागत नाही ते."

त्यांनी मीटर सोडलं. दाराच्या पायरीवर येऊन बसले आणि हात डावीकडे नेऊन हँडब्रेक ओढला.

"ट्रक सुटल्यापासनं शेजारी झोपतो मी, मास्तर. इतकं न्हाय कळनार?"

"मग इद्रिसभाईंना तुम्ही..."

"त्याला काय बोलनार व्हतो? माज्यासाठी लावते? ह्या वयात? गल्लीत?" ते लाजले. खरोखर लाजले. मग म्हणाले, "घरात येवढ्या वरसात तिनं एक रात विझू दिला न्हाय. माज्या गाडीत विझला तर कसं दिसंल?"

माझ्या छातीवरून शुक्रवारपासूनचं काहीतरी उतरलं. त्या आनंदात मी म्हणून गेलो, "पण आता तर सकाळ झाली, दादा. बंद करा की."

त्यांनी आत वळून दिव्याकडे पाहिलं. मग बटणाकडे. बटण काकूंच्या उशाशी होतं. ते त्यांनीच तिथे बसवलं होतं.

"तिनं लावलाय," दादा म्हणाले. "ती उठंल आणि करील." आणि मग घाईघाईने, आणखी हळू, "ठेवतो मी. तुमच्या फोनचा उजेड पडतोय तिच्या तोंडावर."